समुद्राकाठचे गोडे पाणी

जुन्या मुंबईच्या आठवणी म्हटल्या की ट्राम येते, राणीची बाग येते, चौपाटीवरची भेळ येते आणि मरीन ड्राइव्हवरची दिव्यांची माळ येते. या आठवणी अनेकांनी लिहिल्या आहेत आणि त्या वाचायला गोड वाटतात. मराठवाड्यातील काही जैन व्यापारी घरांत मात्र त्याच शहराच्या आठवणींचा आणखी एक साठा आहे. तो कोणी लिहून ठेवलेला नाही, कारण तो घरातील वयोवृद्ध स्त्रियांजवळ आहे. विसाव्या शतकाच्या मध्यावर भुलेश्वर, पायधुणी, मशीद बंदर या भागांत वाढलेल्या मुली लग्न होऊन लातूर-नांदेडकडे आल्या. सोबत भांडीकुंडी आणि दागिने आले, तशाच काही सवयीही आल्या. भांड्यांची वाटणी झाली, दागिने मोडून नवे घडवले गेले. सवयी मात्र घरात राहिल्या आणि त्या कोठून आल्या याचा घरालाच विसर पडला.

लातूरच्या अशाच एका कच्छी जैन घरातील बांची ही हकीकत. बांचे वय आज नव्वदीकडे झुकले आहे. घराचा व्यवसाय तीन पिढ्यांपासून आडतीचा आणि डाळीचा. मुंबईचा विषय निघाला की नातवंडांना वाटते, आता समुद्राचे वर्णन ऐकायला मिळणार. समुद्र येतो, पण थोडा वेळ. बांच्या बोलण्यात त्याहून अधिक येते ते पिण्याचे पाणी : पहाटे भरलेले, दुहेरी कापडातून गाळलेले, कळशीने मोजलेले. चारही अंगांनी पाण्याने वेढलेल्या शहरात आपण गोड्या पाण्याची किंमत शिकलो, असे त्या म्हणतात. हे वाक्य घरात अनेक वर्षे कौतुकाने ऐकले गेले. त्याचा अर्थ मात्र २०१६ च्या उन्हाळ्यात कळला.

बांचा जन्म १९३८ चा. वडिलांची धान्याची पेढी मशीद बंदरच्या दाणाबंदर भागात होती आणि बिऱ्हाड भुलेश्वरजवळच्या एका चाळीत, तिसऱ्या माळ्यावर. दोन खोल्या आणि त्यांत नऊ माणसे. माळ्याच्या टोकाला एक नळ होता आणि त्यावर अकरा बिऱ्हाडांचा हक्क. पहाटे नळाला पाणी येई, ते दोन-अडीच तासांत जाई. तेवढ्या वेळात पिण्याचे, स्वयंपाकाचे आणि वापरायचे असे तीन प्रकारचे पाणी भरायचे. पिण्याच्या हंड्याच्या तोंडावर जाड कापडाचे दुहेरी गाळणे बांधलेले असे. ते बांधण्याचे काम मुलींकडे होते. कापड सैल राहिले किंवा एखाद्या ठिकाणी विरले तर आई एक अक्षरही न बोलता ते सोडून पुन्हा बांधायला लावीत. मागे रांगेत कोण उभे आहे आणि कोण कुरकुरते आहे, याचा त्यांच्यावर परिणाम होत नसे.

पाण्याच्या प्रत्येक थेंबात अप्कायिक जीव आहेत, ही शिकवण बांना पाठशाळेत पुढे मिळाली. तिचा व्यवहार त्या आधीच नळावर शिकल्या होत्या. ‘पाणी तुपासारखे वापरावे’ हे वचन आपल्या घरोघरी बोलले जाते. ते त्या चाळीत अक्षरशः पाळावे लागे, कारण तूप संपले तर दुकानातून आणता येत होते, पाणी संपले तर दुसऱ्या दिवसाच्या पहाटेपर्यंत थांबावे लागत होते. धर्माचा नियम आणि महापालिकेचे वेळापत्रक या दोहोंनी मिळून त्या मुलांना वळण लावले.

त्या भागाची नावेच पाण्याची आहेत, ही गोष्ट बांना वडिलांनी दाखवून दिली. गोडीजी पार्श्वनाथाचे देरासर जेथे आहे ती पायधुणी म्हणजे पाय धुण्याची जागा. मुंबई ही वेगवेगळी बेटे असताना भरतीचे पाणी तेथपर्यंत येई आणि ते ओलांडून येणारे लोक तेथे पाय धूत. सी. पी. टँक म्हणजे कावसजी पटेलांचा तलाव. पुढे धोबीतलाव, पलीकडे गोवालिया तलाव. नावे राहिली, तलाव बुजले. विसाव्या शतकाच्या आरंभी हिवतापाच्या भीतीने शहरातील अनेक विहिरीही बुजवल्या किंवा झाकल्या गेल्या. त्याआधीच शहराने दूरच्या तलावांकडे हात पसरला होता : १८६० मध्ये विहार, १८७९ मध्ये तुळशी, १८९२ मध्ये तानसा. वडील ही सने पाढ्यांसारखी म्हणून घेत. ‘आपण समुद्रापाशी राहतो, पण पितो ते डोंगराचे,’ असे ते सांगत. धान्याच्या व्यापाऱ्याला माल कोठून येतो हे ठाऊक असावेच लागते. पाण्याच्या बाबतीतही त्यांची दृष्टी तीच होती.

मशीद बंदरच्या भात बाजारात शेठ केशवजी नायक यांनी बांधलेली दगडी पाणपोई आणि तिच्यावरचा घड्याळाचा मनोरा आहे. ते बांधकाम १८७६ चे. केशवजी शेठ कच्छी जैन व्यापारी. पालिताण्याच्या शत्रुंजयावर त्यांच्या नावाची टूंक आहे. यात्रेकरू ती टूंक पाहतात, पण बाजारातील पाणपोईसमोर फारसे कोणी थांबत नाही. बांचे वडील मुलांना घेऊन तेथे थांबत. डोंगरावर देवाचे घर बांधणाऱ्या माणसाने बाजारात हमालांसाठी पाणी ठेवले, ही दोन्ही कामे एकाच चोपडीतली आहेत, असे त्यांचे म्हणणे असे. त्यांच्या स्वतःच्या पेढीबाहेर दोन माठ असत आणि त्यांचा खर्च धर्मादा खात्यात वेगळ्या पानावर लिहिला जाई. रक्कम किरकोळ असे. तरीही दिवाळीच्या चोपडापूजनाच्या आधी ते पान मुनीमजींकडून वाचून घेतले जाई.

एक गोष्ट मात्र आईंच्या मनाला लागून होती. पाणी गाळल्यावर कापडात जे सूक्ष्म जीव राहतात, ज्याला गुजराती घरांत संखारो आणि मराठी घरांत जिवाणी म्हणतात, ते ज्या जलाशयाचे पाणी असेल त्यालाच परत द्यायचे असतात. विहिरीचे पाणी असेल तर विहिरीत, नदीचे असेल तर नदीत. नळाच्या पाण्याचे काय करायचे? तानसा तलाव पाऊणशे-शंभर किलोमीटर दूर. चाळीच्या मागे एक जुनी, अर्धी झाकलेली विहीर होती. कापड उलटे करून, वरून गाळलेले पाणी ओतून, आई ते पाणी एका लहान भांड्यात घेत आणि तीन माळे उतरून त्या विहिरीत सोडत. ‘हे त्यांचे घर नव्हे, पण निदान पाणी तरी आहे,’ असे म्हणत. मुंबईत राहून एवढे एक नीट करता येत नाही, ही त्यांची खंत बांनी लहानपणी रोज ऐकली.

आणि समुद्र? तो रविवारी भेटे. चौपाटीला चालत जायचे ते घरून जेवून, कारण सूर्यास्तानंतर चौविहार. वाळूत बसून सूर्य बुडताना पाहायचा. नेमका तेव्हाच भेळवाल्यांच्या गाड्यांवर दिवे लागत आणि चिंच-पुदिन्याचा वास सुटे. इतर मुले गाड्यांकडे धावत आणि ही पाच भावंडे क्षितिजाकडे पाहत बसत. वर्षातून एक-दोनदा वडील लवकर निघत आणि दिवस असतानाच कांदा-बटाट्याविना सुकी भेळ मिळे. तिची चव बांना अजून आठवते. लाटांत शिरून उगाच पाय मारण्यास मात्र आईंची मनाई होती. पाण्यातल्या जीवांना निष्कारण दुखवू नये, हे कारण. मुलांना ते जड जाई. पण त्यामुळे समुद्र पाहायचा, ऐकायचा आणि त्याच्यापासून दोन हात दूर बसायचे, अशी सवय झाली. ‘एवढे पाणी, पण घोटभर उपयोगाचे नाही,’ हे वाक्य आई दर वेळी म्हणत. त्यात समुद्राला नाव ठेवण्याचा हेतू नसे. घरी हंडा झाकलेला आहे ना, याची ती आठवण असे.

१४ एप्रिल १९४४ हा दिवस बांच्या स्मरणात सर्वांत खोल आहे. त्या सहा वर्षांच्या होत्या. दुपारी चारच्या सुमारास व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ या जहाजाचा स्फोट झाला. जहाजात कापूस होता, दारूगोळा होता आणि सोन्याच्या विटाही होत्या. अर्ध्या तासाने दुसरा, अधिक भीषण स्फोट झाला. गोदीलगतची धान्याची गोदामे पेटली. चाळीच्या खिडक्यांची तावदाने फुटली आणि मशीद बंदरकडून माणसांचे लोंढे भुलेश्वरच्या दिशेने येऊ लागले : काजळी माखलेली, काही अनवाणी, काही मुले कडेवर घेतलेली. त्या घरात त्या क्षणी दोन चिंता होत्या. वडील पेढीवर होते, त्यांचा पत्ता नव्हता. आणि हंड्यात होते ते पाणी दुसऱ्या दिवसाच्या पहाटेपर्यंत पुरवायचे होते. नळाला उद्या पाणी येईल की नाही, हे कोणी सांगू शकत नव्हते.

आईंनी हंडा उचलला आणि खाली नेला. पाठोपाठ माळ्यावरच्या इतर बायकांनीही आपापले हंडे उतरवले. चाळीच्या दारात उभे राहून त्या येणाऱ्याजाणाऱ्याला पाणी देत राहिल्या. कोण कोणत्या जातीचा, कोणत्या धर्माचा, हे कोणी विचारले नाही. रात्री उशिरा वडील परतले तेव्हा घरात त्यांना पाय धुण्यापुरतेही पाणी नव्हते. त्यांनी ते ऐकले आणि फक्त ‘बरे केले’ एवढे म्हटले. जळलेल्या धान्याचा वास पुढे कित्येक दिवस हवेत होता. पेढीचे मोठे नुकसान झाले आणि घर सावरायला काही वर्षे लागली. सोन्याच्या विटा कोणाच्या छपरावर पडल्या, याच्या कथा मुंबईने पुढे रंगवून सांगितल्या. बांना सोने आठवत नाही. रिकामा हंडा आठवतो.

१९५६ च्या वैशाखात बांचे लग्न झाले. लातूर तेव्हा हैदराबाद राज्यात होते. बोरीबंदरहून रात्रीची गाडी, पहाटे कुर्डुवाडी, आणि तेथून बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी नॅरोगेज गाडी. ही छोटी गाडी १८९७ मध्ये बार्शीपर्यंत आणि १९११ मध्ये लातूरपर्यंत आली. दुसऱ्या अंगाला ती १९२७ मध्ये मिरजेला जोडली गेली. कंपनीची ही गाडी सरकारने ताब्यात घेतली ती १९५४ मध्ये. खिडकीतून दिसत होती ती वैशाखातली काळी, भेगाळलेली जमीन आणि मधूनच एखादे बाभळीचे झाड. अठरा वर्षांच्या त्या नववधूने डब्यात मनाशी हिशोब केला की, आता समुद्र किती मैल मागे राहिला. तो हिशोब जमला नाही आणि डोळ्यांत पाणी आले. सोबतच्या नणंदेने विचारले तेव्हा ‘कोळसा गेला डोळ्यात’ असे उत्तर दिले.

लातूर हे तेव्हा लहान गाव होते, पण व्यापाराची पत मोठी होती. १९१७ मध्ये उभारलेली गंजगोलाई, मध्यभागी अंबाबाईचे मंदिर आणि तेथून फुटणारे सोळा रस्ते. प्रत्येक रस्त्यावर निराळा बाजार. बाजारात भारतीय रुपयाबरोबर निजामाच्या राज्यातील जुना हाली शिक्काही अजून चालत होता. सात हाली रुपयांना सहा कलदार हा हिशोब मुनीम तोंडी करीत. बोलीत उर्दू शब्द इतके की गिरगावचे मराठी ऐकत वाढलेल्या सुनेला आरंभी अर्थ विचारावा लागे. सहा महिन्यांतच, १ नोव्हेंबर १९५६ रोजी, मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला. ‘मी मुंबई सोडली आणि मुंबई माझ्या मागोमाग आली,’ असा विनोद बा अजून करतात.

लग्नानंतरच्या पहिल्या सकाळी सासूबाईंनी बांना वाड्यातल्या आडापाशी नेले. रहाट, दोर, पोहरा, सारे नवे होते. पाणी शेंदून झाले, गाळून झाले. मग सासूबाईंनी एक निराळी, तळाशी कडी असलेली लहान बादली दाखवली. जिवाणी तिच्यात घ्यायची, दोराने अलगद पाण्याच्या पातळीपर्यंत सोडायची आणि तेथे दोराला हिसका दिला की बादली उलटते. वरून ओतायचे नाही, कारण उंचावरून पडून जीव मरतात. बांनी ती बादली खाली सोडली. जिथले पाणी तिथे परत गेले. आईंची वीस वर्षांची खंत ज्या कामाविषयी होती ते काम आपल्या हातून इतक्या सहज झाले, याचे त्यांना नवल वाटले. त्या दिवशी आईंना लिहिलेल्या पत्रात सासरच्या माणसांविषयी दोन ओळी होत्या आणि आडाविषयी पानभर मजकूर होता.

पुढे मुंबईहून भावाची पत्रे येत राहिली. १९५७ मध्ये वैतरणेचे, म्हणजे आज ज्याला मोडकसागर म्हणतात त्या धरणाचे पाणी शहराला मिळाले, हे भावाने वडिलांच्या सांगण्यावरून मुद्दाम कळवले. सनांच्या पाढ्यात एक भर पडली. ३१ मार्च १९६४ रोजी शेवटची ट्राम बोरीबंदरहून दादरला गेली, तिची गर्दी त्याने वर्णन केली. ती पत्रे बांनी जपून ठेवली आहेत. समुद्राची ओढ संपली नव्हती. पण संसार वाढला, मुले झाली, आणि मुंबई ही लग्नकार्यापुरती आणि आईवडिलांच्या आजारपणापुरती राहिली.

१९७२ च्या दुष्काळात गावोगावच्या विहिरी कोरड्या पडल्या. लोक दुष्काळी कामांवर खडी फोडीत होते, सुकडी आणि लाल मिलो खाऊन दिवस काढीत होते. बांच्या वाड्यातला आड तेव्हा खोल गेला, पण आटला नाही. शेजारच्या सात घरांनी त्यावर वर्ष काढले. दुकानासमोर रांजण ठेवण्याची प्रथा त्या वर्षी सुरू झाली. बांनी सुचवले, सासऱ्यांनी मान्य केले, आणि खर्च धर्मादा खात्यात निराळ्या पानावर लिहायचा हेही बांच्याच सांगण्यावरून ठरले. सासऱ्यांनी विचारले, ‘हे कोठे पाहिलेस?’ बा म्हणाल्या, ‘दाणाबंदरला.’

त्यानंतरची चाळीस वर्षे लातूर वाढत गेले. १९८२ मध्ये जिल्हा झाला, डाळ मिल वाढल्या, शिकवणीच्या वर्गांनी गाव गजबजले, वाडे पडून इमारती झाल्या. मांजरा धरणाचे पाणी नळाने घरात आले आणि आडावर लोखंडी झाकण बसले. मग कूपनलिका आल्या : दोनशे फूट, चारशे फूट, पुढे सातशे-आठशे फूट. कूपनलिकेला तोंड नसते. तिच्यातून पाणी काढता येते, तिला काही परत देता येत नाही. बांच्या हे लगेच लक्षात आले. ‘आपण पुन्हा मुंबईच्या चाळीत आलो,’ असे त्या म्हणाल्या, तेव्हा घरात सगळे हसले.

२०१५ चा पाऊस हुलकावणी देऊन गेला आणि मांजरा धरण कोरडे पडले. २०१६ च्या मार्चमध्ये पाण्याच्या टाक्यांभोवती भांडणे होऊ नयेत म्हणून प्रशासनाला जमावबंदीचे कलम १४४ लावावे लागले. घरची कूपनलिका फेब्रुवारीतच आटली होती. नऊ माणसांचे घर टँकरवर आले. मुंबईला मुलुंडमध्ये राहणाऱ्या भावाचा रोज फोन येई : ताईला इकडे पाठवा, येथे चोवीस तास पाणी आहे, आणि तिला समुद्रही पाहता येईल. मुलाने तिकीट काढण्याची तयारी केली. साठ वर्षे जिची ओढ होती ती मुंबई स्वतःहून बोलावत होती.

बांनी नकार दिला. त्यावरून घरात वाद झाला नाही. वाद झाला तो दुकानासमोरच्या पाणपोईवरून. मुलाचे म्हणणे चुकीचे नव्हते. टँकर महाग झाला होता. उपाश्रयात साध्वीजी होत्या, त्यांच्यासाठी उकळलेल्या पाण्याची व्यवस्था काही घरांनी वाटून घेतली होती आणि त्यात या घराचाही वाटा होता. घरात लहान मूल होते. दुकानासमोर पाणी ठेवले तर गर्दी होईल, कोणी कळशी भरून नेईल, त्यातून भांडण होईल. ‘एक उन्हाळा बंद ठेवू, पाऊस पडला की पुन्हा सुरू करू,’ असे तो म्हणाला. बाजारातील काही पाणपोया तशा बंद झाल्याही होत्या.

बांनी उपदेश केला नाही. त्यांनी नातसुनेला कागद-पेन घ्यायला सांगितले आणि घरातील प्रत्येकाने दिवसभरात किती पाणी वापरले ते आठ दिवस लिहून काढायचे ठरवले. मोजमापासाठी एकच कळशी. व्यापाऱ्याच्या घरात आकड्यांना कोणी नाही म्हणत नाही. आठ दिवसांनी बेरीज झाली तेव्हा ज्यांना आपण काटकसरी वाटत होतो त्यांच्या नावावरही पाणी अधिक निघाले. बा म्हणाल्या, ‘प्रत्येकाने रोज पाच लिटर कमी करा. नऊ माणसांचे पंचेचाळीस लिटर झाले. पाव लिटरहून लहान पेल्याने द्या, दोनशेच्या वर माणसे पाणी पितील. कळशी भरून कोणी नेऊ नये म्हणून माणूस बसवा. बसायला कोणी नसेल तर मी बसते.’ मग त्यांनी प्रथमच १९४४ च्या त्या रात्रीची गोष्ट शेवटपर्यंत सांगितली. स्फोटाची गोष्ट घराने पूर्वी ऐकली होती. वडिलांना पाय धुवायला पाणी नव्हते आणि ते ‘बरे केले’ म्हणाले, हा भाग कोणाला ठाऊक नव्हता.

पाणपोई चालू राहिली. सकाळी दोन तास बा स्वतः दुकानाच्या ओट्यावर खुर्ची टाकून बसत. मापाडी, हमाल, खेड्यांतून आलेले शेतकरी पाणी पीत. भांडण एकदाही झाले नाही, असे म्हणता येणार नाही. दोनदा झाले, आणि दोन्ही वेळा हमालांनीच ते मिटवले. ज्या दिवशी टँकर आला नाही त्या दिवशी रांजण अर्धाच भरला, आणि तसे पाटीवर लिहून ठेवले.

१२ एप्रिल २०१६ रोजी पहाटे मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातूरला पोचली. दहा टाक्या, सुमारे पाच लाख लिटर पाणी. तिला ‘जलदूत’ म्हणत. पुढे पन्नास टाक्यांची गाडी येऊ लागली आणि तिच्या फेऱ्या होत राहिल्या. सुमारे साडेतीनशे किलोमीटरचा तो मार्ग मिरज, पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी असा; बहुतांशी तोच, ज्यावरून पूर्वी बार्शी लाइटची छोटी गाडी धावत असे. नॅरोगेज गेले, ब्रॉडगेज आले, स्थानके बदलली. साठ वर्षांपूर्वी त्याच मार्गाने एक मुलगी पाणी मागे टाकून लातूरला आली होती. वर्तमानपत्रातील छायाचित्र पाहून बांनी एवढेच विचारले, ‘हे पाणी कोणत्या नदीचे?’ कृष्णेकाठचे, असे नातवाने सांगितले. तेव्हा त्या म्हणाल्या, ‘तिथल्या लोकांची आठवण ठेवा.’

त्या वर्षी मांजरेच्या पात्रातील गाळ काढण्यासाठी लातूरकरांनी लोकवर्गणी उभी केली. तीत बाजारानेही हात मागे घेतला नाही. सप्टेंबरच्या अखेरीस पाऊस इतका झाला की धरण भरून वाहिले. पर्युषण तेव्हा नुकतेच आटोपले होते. मुलाने त्या पावसानंतर एक काम केले. आडावरचे लोखंडी झाकण काढले, गाळ उपसला आणि छताचे पाणी गाळून आडात सोडण्याची नळी बसवली. पुढच्या वर्षी आडाला कमरेइतके पाणी राहिले. तळाशी कडी असलेली ती लहान बादली माळ्यावर सापडली. तिचा दोर मात्र नवा घ्यावा लागला.

दोन वर्षांनी एका लग्नासाठी बा मुंबईला गेल्या. चाळीच्या जागी उंच इमारत उभी आहे आणि मागची विहीर वाहने ठेवण्याच्या जागेखाली गेली आहे. त्यांनी ते पाहिले आणि फार काही बोलल्या नाहीत. संध्याकाळी, जेवण आटोपून, भावाने त्यांना चौपाटीवर नेले. भरती होती. पणतू लाटांकडे धावला तेव्हा त्याला कोणी अडवले नाही; बाही काही म्हणाल्या नाहीत. त्या स्वतः मात्र वाळूवर, पाण्यापासून दोन हात दूर बसल्या आणि सूर्य बुडेपर्यंत पाहत राहिल्या. परतताना त्यांनी भावाला विचारले की, मोडकसागरानंतर शहराला आणखी कोणकोणत्या तलावांचे पाणी आले आणि कोणत्या सनांत. भावाला सने सांगता आली नाहीत. बांना त्याचे वाईट वाटले, ते त्यांनी लपवले नाही.

लहानपणच्या आठवणींना आपण बहुधा विसाव्याची जागा मानतो. थकल्यावर तेथे जाऊन बसायचे आणि परत यायचे. त्यात गैर काही नाही. परंतु व्यापारी घराला ठाऊक असते की, तिजोरीत पडून राहिलेली पुंजी आणि बाजारात फिरणारी पुंजी यांत फरक असतो. बांच्या आठवणींची पुंजी दाणाबंदरहून लातूरला आली आणि संकटाच्या वर्षी कामास आली. आपल्या घरांतही अशा कितीतरी वृद्ध स्त्रिया आहेत, ज्यांना विचारल्याशिवाय त्या पूर्ण गोष्ट सांगत नाहीत. त्यांना समुद्राविषयी जरूर विचारावे. त्याबरोबर नळाविषयी, हंड्याविषयी, रांगेविषयीही विचारावे.

त्या घराचा हिशोब आता संगणकावर असतो. तरी दिवाळीला पूजनासाठी एक लाल चोपडी आणली जाते आणि तिच्यात पाणपोईचे पान वेगळे ठेवलेले असते. गेल्या दिवाळीत ते पान वाचून दाखवण्याचे काम पणतीकडे होते. तिने रक्कम वाचली आणि विचारले, ‘एवढीच?’ बा म्हणाल्या, ‘रक्कम लहानच असते. पान रिकामे राहू देऊ नका.’